पोस्टकार्डावरचा कुलाबा जिल्हा

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

माझा जन्म १९६८ साली इस्राएलमध्ये, दिमोना येथे झाला. आई-वडील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले असून ते १९६४ मध्ये मुंबईहून इकडे आले. घरात मराठी बोलली जाई, त्यामुळे मला मराठी बोलता येते आणि सावकाश वाचताही येते. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पेटीत आई-वडिलांचा केतुबा (ज्यू लग्नाचे करारपत्र), शेवटच्या पानांवर मराठीत काहीबाही लिहिलेले एक प्रार्थनेचे पुस्तक आणि आजोबांनी १९५९ मध्ये त्यांना मुंबईला पाठवलेले एक पोस्टकार्ड सापडले. कार्डावर गावाचे नाव पुसट झाले आहे, पण त्याखाली ‘पोस्ट पोयनाड, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा’ एवढे वाचता येते. माझ्या मुलीने नकाशात कुलाबा शोधला, तर तो मुंबईतच निघाला. जानेवारीत आम्ही दोघी दहा दिवसांसाठी भारतात येणार आहोत. पणजोबा तेलाचा घाणा चालवीत असत एवढेच मला ठाऊक आहे. त्यांची कबर सापडेल का? नोंदी कुठे पाहाव्यात? आमच्या जुन्या घराजवळ गेलो, तर जागा मागायला आलो असे लोकांना वाटणार नाही ना? भाऊ म्हणतो की तिकडे आपले आता काहीच उरलेले नाही, कशाला पैसे घालवतेस. आई ८४ वर्षांची आहे, ती प्रवास करू शकत नाही.

— दिमोनाची एक वाचक

उत्तर

ताई, शालोम आणि नमस्कार.

कुलाब्याचा घोटाळा आधी दूर करते, कारण तुमच्यासारखी अनेक कुटुंबे नेमकी तिथेच अडखळतात. पोस्टकार्डावरचा कुलाबा हा मुंबईच्या दक्षिण टोकाचा भाग नव्हे. अलिबागच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यावरून ज्याला नाव पडले, तो हा जिल्हा असून १९८१ पासून त्याचे नाव रायगड आहे. पोयनाड हे अलिबाग-पेण रस्त्यावरचे बाजाराचे गाव आजही त्याच नावाने नांदते आहे. टपाल पोयनाडहून वाटले जात होते, म्हणजे तुमचे गाव त्या पोस्टाच्या हद्दीतल्या मोजक्या गावांपैकीच एक असणार, आणि पुसट अक्षरांतले पहिले किंवा शेवटचे जरी लागले, तरी ते ओळखता येईल. कार्ड खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून त्याची छायाचित्रे काढा. शाई उडालेली असली, तरी टाकाच्या दाबाने कागदावर पडलेली खाच बहुधा दिसते.

नोंदी कुठे पाहाव्यात असे तुम्ही विचारले आहे, म्हणून माझे मुख्य म्हणणे इथेच सांगते. तुमच्या पूर्वजांची नोंद ज्यू म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलेली सापडण्याची आशा धरून येऊ नका. पोलंडमधील किंवा जर्मनीतील कुटुंबांना ज्यू समाजाची स्वतंत्र जन्म-मृत्यूची पुस्तके शोधता येतात, परंतु कोकणातला बेने इस्राएल माणूस गावाच्या दप्तरात, गावाच्या भाषेत, शेजाऱ्यांच्या नावांच्या मधोमध लिहिलेला आहे. त्याचा कागद मराठी आहे आणि शंभर वर्षे मागे गेलात तर मोडी आहे. जी भाषा तुम्ही घरात ऐकून शिकलात, तिचाच तुम्हाला इथे सर्वांत मोठा आधार आहे.

त्यातही कोणते दप्तर, हे त्या गावावर सत्ता कोणाची होती यावरून ठरते. अलिबाग आणि आसपासचा मुलूख १८४० पर्यंत आंग्र्यांकडे होता, त्यानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा दक्षिणेकडचा भाग मात्र १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या संस्थानात होता. आईच्या माहेरचे गाव त्या बाजूचे निघाले, तर शोधाची वाट वेगळी होईल, म्हणून ते आजच विचारून ठेवा. वडिलांच्या बाजूपुरते तुमचे काम अलिबागच्या तहसील कचेरीशी आहे.

पण विमानात बसण्याआधी अर्धे काम दिमोनातच होणार आहे. केतुबा आधी नीट वाचून घ्या. त्यात वराप्रमाणेच वधूच्या वडिलांचेही नाव असते, म्हणजे एका कागदातून दोन घराणी उलगडतात, आणि सरकारी दप्तरात बायकांचा माग बहुतेकदा लग्नापाशी तुटतो तो इथे जोडता येतो. वडिलांनी हा कागद इतका का जपला असेल, याचाही विचार करा. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश काढले होते, त्याविरुद्ध समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे ठरवल्यावर ते निर्देश बदलले गेले. तुमचे आई-वडील नेमके त्याच वर्षी तिथे उतरले. ज्या कागदाने माणसाला स्वतःचे ज्यूपण सिद्ध करावे लागले, तो कागद तो कधी टाकत नाही.

प्रार्थनेच्या पुस्तकातली शेवटची पाने त्याहून मोलाची ठरतील असे मला वाटते. कोकणातल्या कुटुंबांत जन्म, लग्न आणि मृत्यू अशा कोऱ्या पानांवर लिहून ठेवलेले मी अनेकदा पाहिले आहे. तारखेच्या जागी तिथे सणाचे नाव असू शकते आणि ते हिब्रू नाव नसून आपले कोकणी नाव असेल: नव्याचा सण म्हणजे रोश हाशाना, दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, अनशी धाकाचा सण म्हणजे पेसाह, आणि बिरड्याचा सण म्हणजे आव महिन्यातला नवमीचा उपास. ‘बिरड्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली’ असे लिहिलेले असले आणि वर्ष ठाऊक असले, तर हिब्रू पंचांगावरून ती तारीख अचूक काढता येते. तुमच्या मुलीला हे शब्द परके वाटतील, पण आईला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही.

नावांच्या बाबतीतही अशीच तयारी हवी. कर लागलेली आडनावे, म्हणजे पेणकर, रोहेकर, नागावकर, झिराडकर, केहिमकर ही घराणे कुठून उठले ते सांगतात, परंतु १९५९ मध्ये ते कुठे राहत होते हे सांगत नाहीत. तुमच्या आडनावाचे गाव आणि पोस्टकार्डावरचे गाव वेगळे असले, तर गोंधळून जाऊ नका. घाण्याच्या धंद्यासाठी कुटुंबे दोन-चार कोसांवर जाऊन स्थायिक होत असत. शिवाय हीच आडनावे हिंदू कुटुंबांतही असतात, त्यामुळे सारख्या आडनावाचा अर्थ एक गाव असा होतो, एक रक्त असा होत नाही. मुंबईत आल्यावर पुष्कळांनी गावाचे आडनाव सोडून वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव म्हणून लावले, हेही ध्यानात असू द्या. आणि तुम्ही केतुबावर अब्राहम, इसहाक, शमुएल, यहेझ्केल वाचाल, तर गावाच्या दप्तरात त्याच माणसांना अबाजी, इसाजी, समाजी, हसाजी म्हटलेले असेल. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये ज्यांनी बांधले, ते सॅम्युअल इझिकिएल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. म्हणून प्रत्येक पूर्वजाच्या नावाची दोन्ही रूपे लिहिलेली एक वही करा. कचेरीत तीच पुढे ठेवावी लागेल.

ही वही किती उपयोगी पडते याचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी इस्राएलमधल्या बीरशेबाहून आलेल्या एका कुटुंबाबरोबर मी एका तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात बसले होते. आमच्यासमोर गाव नमुना चौदा होता. हे कोतवालाने ठेवलेले जन्म-मृत्यूचे पुस्तक असते आणि कोतवाल बुक या नावानेच लोक ते ओळखतात. पाने पिवळी पडून कडांना तुटत होती आणि लिखाण मोडीत होते. दोन दिवस ती मंडळी जातीच्या रकान्यात ‘यहुदी’ किंवा ‘इस्राएल’ शोधत राहिली आणि काहीच मिळेना. तिसऱ्या दिवशी मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी पुन्हा पहिल्यापासून पाने उलटली, तेव्हा एका ओळीवर त्यांचे बोट थांबले: बापाचे नाव मुसाजी, जात तेली, मुलगा. वर्ष जुळत होते, गाव जुळत होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव ज्यांना शनवार तेली म्हणत असे, त्यांच्यातल्या ‘शनवार’ या शब्दासाठी कोतवालाने शाई खर्च केली नव्हती. त्या घरातल्या आजीबाईंनी ती ओळ मोठ्याने तीन वेळा वाचून घेतली. तुमचे पणजोबा घाणा चालवीत असत, तेव्हा तुम्हीही सुरुवात ‘तेली’ या शब्दापासून करा.

कोतवाल बुकाखेरीज गावच्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहा. आजोबा शाळेत गेले असतील, तर त्यात जन्मतारीख, बापाचे नाव, जात आणि कधीकधी पूर्वीची शाळाही नोंदलेली सापडते, आणि मुख्याध्यापकांना नीट समजावून सांगितले तर ते स्वतः कपाट उघडतात. वडिलांचा जन्म मुंबईत झाला असेल, तर महापालिकेच्या त्या वॉर्डातील जन्मनोंद मिळवा. ते माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकले असतील, तर तिथेही विचारा, कारण १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी बेने इस्राएल मुलांसाठी सुरू केलेली ती शाळा आहे. याच केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा इतिहास चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन तुम्ही तो निघण्यापूर्वीच चाळलात, तर गावागावांतली घराणी आणि चालीरीती डोळ्यांपुढे येतील.

आता तुमच्या सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येते. तुम्हाला वाटणारी भीती खरी आहे आणि ती मनात आली हा तुमचा समंजसपणा आहे. १९४८ च्या कुळकायद्यानंतर, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून, कसणाऱ्या कुळांच्या नावे जमिनी झाल्या. गाव सोडून मुंबईला किंवा इस्राएलला गेलेल्या कुटुंबांची घरेही कोणी विकत घेतली, कोणी राखण म्हणून राहिले ते तिथेच राहिले. त्यातून अलिबाग तालुक्यात आज जमिनीला सोन्याचा भाव आहे. अशा गावात परदेशातून आलेली दोन माणसे कॅमेरा घेऊन सातबारा विचारू लागली, तर घरमालकाच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. म्हणून पहिल्या भेटीत सातबाराचे नावही काढू नका. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आधी भेटा, आम्ही फक्त आजोबांचे गाव पाहायला आलो आहोत असे आपल्या मराठीत सांगा, आणि ज्या घरात आज दुसरे कुटुंब राहते त्यांच्या ओट्यावर बसा, घरात या असे त्यांनी म्हटल्यावरच उंबरा ओलांडा. आजोबांचे छायाचित्र असल्यास त्याची एक प्रत त्यांना द्या. जमिनीचे जुने फेरफार वंशावळीसाठी फार उपयोगी असतात हे खरे आहे, कारण वारसाची नोंद करताना सगळ्या मुलांची नावे लिहावी लागतात. पण ते गावात न मागता तालुक्याच्या कचेरीत अर्ज करून मिळवा, आणि ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाचे जुने फेरफार चढवले आहेत का, हे दिमोनाहूनच तपासा.

गावात माणसे शोधाल तेव्हा सत्तरीच्या पुढची शोधा आणि आधी बायकांशी बोला. इस्राएल आळी कुठे होती, इस्राएलांची विहीर कोणती, घाण्याचा दगड कुणाच्या अंगणात पडला आहे, हे त्या सांगतील. प्रश्न असा ठेवा की त्यांना आठवण सांगावीशी वाटेल. ‘माझे पणजोबा कोण होते’ असे विचारू नका, ‘शनिवारी तेल न देणारे घर कोणते’ असे विचारा. ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर परवानगी घ्या.

कबरीबद्दल तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. गावोगावच्या जुन्या कबरस्तानांत अनेक कबरींवर लेखच नाही, नुसते दगड रचलेले आहेत. जिथे लेख आहे तिथे तो हिब्रूत, मराठीत किंवा दोन्हींत असतो. दगड तारेच्या ब्रशने घासू नका, त्यावर खडू किंवा पीठ चोळू नका. मऊ कुंचल्याने माती झाडा, साधे पाणी शिंपडा आणि सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा वाचा. हिब्रू वर्ष अक्षरांत असते: ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, सामेख म्हणजे ६०, एकूण ६६०, वरचे पाच हजार गृहीत धरलेले असतात, आणि ६६० मध्ये १२४० मिळवले की सन १९०० येते. मराठीत शके असेल, तर त्यात ७८ मिळवा. आणि दोन्ही वर्षे एकाच दगडावर मिळाली, तर फारच उत्तम. हिब्रू वर्ष शरदात बदलते आणि शके गुढीपाडव्याला, त्यामुळे ६६० आणि शके १८२२ एकत्र लिहिलेले असतील, तर तो माणूस १९०० च्या पाडव्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतच्या सहा महिन्यांत वारला, हे दगडावर महिना नसतानाही कळते. पणजोबांची कबर ओळखता आली नाही, तरी त्या कबरस्तानात कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणता येईल असा बेत ठेवा. त्यासाठी दहा पुरुष लागतात, म्हणून अलिबागच्या मंडळींशी आधी बोलून ठेवा.

अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ मधले असून आजची वास्तू १९१० ची आहे. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे, पेणचे १८६३ चे. म्हाताऱ्या माणसांनी सिनेगॉगला ‘मशीद’ म्हटले, तर दचकू नका, आपल्या समाजात हा जुनाच शब्द आहे. बंद पडलेल्या ठिकाणांची लग्नाची पुस्तके कधी शेजारच्या गावच्या सिनेगॉगात, कधी एखाद्या जुन्या विश्वस्ताच्या घरी असतात, तेव्हा ‘पुस्तक कुठे गेले’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा. नवगावला, जहाज फुटून वाचलेल्या आणि आपल्या समाजाचे पूर्वज मानल्या जाणाऱ्या सात जोडप्यांचे स्मारक आहे आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हनाबींच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाची खूण मानला जाणारा खडक आहे, जिथे लोक नवस फेडायला येऊन मलिदा करतात. या दोन ठिकाणी तुम्हाला नोंद मिळणार नाही, पण इस्राएलहून आलेली कुटुंबे तिथे हमखास भेटतात, आणि अशा भेटींतून हरवलेले चुलत नातेवाईक सापडलेले मी पाहिले आहेत.

एक गोष्ट सांगताना मन जड होते, पण ती लपवणे बरोबर नाही. जुन्या काळी समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात बाहेरच्या समाजातली आई आली, त्यांना ‘काळे’ म्हणून वेगळे बसवले जाई आणि त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई. कोणी वृद्ध माणूस तुमच्या घराण्याबद्दल असे काही बोलून गेला, तर ते लिहून ठेवा आणि त्याच्याशी वाद घालू नका. ज्या बाईमुळे तो शिक्का बसला असेल, तिचे नाव मिळवण्याचा प्रयत्न मात्र जरूर करा, कारण तीही तुमची पणजी किंवा खापरपणजी आहे.

दहा दिवसांची आखणी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार चालतात. तुमच्याकडे रविवार कामाचा आणि इथे सुट्टीचा, शिवाय २६ जानेवारी आहेच, त्यामुळे हातात सहा-सातच कामाचे दिवस राहतील. नकलांसाठीचे अर्ज इथल्या एखाद्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन डिसेंबरमध्येच टाकून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाशी आधीच ठरवा. शनिवार अलिबागला घालवा. जानेवारीत गेटवेवरून मांडव्याची बोट चालू असते. आई-वडील किंवा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचे नागरिक होते हे दाखवता आले, तर तुम्हाला परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआयचे कार्ड मिळू शकते आणि पणतवंडापर्यंत ही सोय आहे. तुमच्या मुलीला पुन्हा यायचे असेल, तर त्याचा विचार करा. या खेपेला साधा पर्यटक व्हिसा पुरेल.

भावाला मी चूक म्हणणार नाही. घर, घाणा, जमीन या अर्थाने तिकडे तुमचे काही उरलेले नाही हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु कोतवाल बुकाची पाने दर पावसाळ्यात थोडी अधिक झिजतात, आणि घाण्याची घरघर कानात असलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यातली एक तर तुमच्याच घरात बसलेली आहे. तिला जानेवारीपर्यंत थांबवू नका. या शुक्रवारी, दिवे लावण्याच्या आधी, आजोबांचे ते पोस्टकार्ड तिला वाचून दाखवा आणि पोयनाडच्या बाजाराला जाताना वाटेत कोणकोणती गावे लागत, तेवढे एक विचारा. ती सांगेल त्याच क्रमाने ती नावे लिहून घ्या. कार्डावर पुसलेले नाव त्यांतच असेल.